जोड कार्ब्युरेटरांची जुळणी

मोटारीला एकाहून अधिक कार्ब्युरेटर असले की ती घरची मोटार राहत नाही, सावकाराचे कर्ज होऊन बसते, असा एक समज आपल्या मंडळींत पुष्कळ दिवस रूढ आहे. "एक सांभाळता सांभाळता पुरेवाट, तेथे दोन कशाला?" असे म्हणून हौसेने घेतलेली जुनी स्पोर्ट्स मोटार पहिल्याच हिवाळ्यानंतर विकून टाकणारे गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. दोष मात्र कार्ब्युरेटरांचा क्वचितच असतो. तो असतो जुळणीचा, आणि त्याहूनही अधिक, जुळणीला चुकीच्या टोकाकडून हात घालण्याचा. ही जुळणी कोणत्या क्रमाने करावयाची आणि तो क्रम मोडला म्हणजे काय होते, हे सांगण्याचा येथे हेतू आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझे वडील मुंबईस रेल्वेच्या परळ वर्कशॉपात फिटर होते. तेव्हा स्पॅनर हाती धरण्याचे वळण घरचे आहे, एवढेच सांगून विषयाकडे वळते.

मिल्टन कीन्सकरांना या विषयासाठी दूर जावयास नको. आपले शहर २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारी कागदावर जन्मास आले आणि मोटार डोळ्यांपुढे ठेवूनच त्याचे रस्ते आखले गेले. परंतु आज त्याच महापालिकेच्या हद्दीत मोडणारे न्यूपोर्ट पॅगनेल हे जुने गाव त्याच्या कितीतरी आधीपासून वाहने बांधीत आले आहे. तेथील टिकफर्ड स्ट्रीटवर सॅमन्स घराण्याचा बग्ग्या बांधण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ॲस्टन मार्टिनचे मालक डेव्हिड ब्राऊन यांनी तो कारखाना विकत घेतला. डी. बी. ४, डी. बी. ५, डी. बी. ६ या नावांतील 'डी. बी.' ही त्यांचीच आद्याक्षरे. या गाड्यांचे सहा सिलिंडरांचे इंजिन आखले ते टाडेक मारेक या पोलिश अभियंत्याने. क्राकूव्ह गावी जन्मलेला हा माणूस महायुद्धाच्या काळात इंग्लंडला आला. परक्या देशात येऊन तेथल्या सर्वांत अभिमानाच्या वस्तूचे हृदय घडविण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही.

१९५८ च्या डी. बी. ४ ला दोन एस. यू. कार्ब्युरेटर होते. १९६३ च्या डी. बी. ५ ला तीन झाले. ३,९९५ घन सेंटिमीटरच्या त्या इंजिनाची शक्ती कारखाना २८२ अश्वशक्ती सांगत असे. त्याच इंजिनावर तीन एस. यू. च्या जागी इटलीचे तीन वेबर बसविले की ती ३१४ सांगितली जाई. 'व्हँटेज' म्हणत ती हीच. सिलिंडर तेच, पिस्टन तेच, आणि मुख्य फरक तो हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या दारांचा.

याच कारखान्याची आणखी एक हकीकत मला फार बोलकी वाटते. १९६९ मध्ये ॲस्टन मार्टिनने आठ सिलिंडरांचे नवे इंजिन आणले. तेही मारेक यांचेच. काळ पुढे चालला होता, म्हणून कार्ब्युरेटरांना रजा देऊन त्यावर बॉश कंपनीची यांत्रिक इंधन-फवारणी बसविण्यात आली. ती सांभाळणे मालकाला आणि गॅरेजवाल्याला जड जाऊ लागले, आणि १९७३ मध्ये कारखान्याने ती काढून चार दुनळी वेबर कार्ब्युरेटर परत बसविले. हे उभे वेबर मावावेत म्हणून बॉनेटवर मोठा उंचवटा काढावा लागला. पुढे १९८६ मध्ये संगणकाच्या हुकमतीखालची फवारणी आली तेव्हा तो उंचवटा जवळजवळ सपाट झाला. जुन्या मोटारीचे बॉनेट पाहून आत काय आहे हे ओळखणारे लोक असतात, त्यांचे रहस्य एवढेच. न्यूपोर्ट पॅगनेलमधील नियमित उत्पादन २००७ मध्ये थांबले. दुरुस्तीचे आणि जुन्या गाड्या नव्यासारख्या करण्याचे काम तेथे चालू राहिले. २०२० मध्ये तर त्याच जागी डी. बी. ५ च्या पंचवीस नव्या प्रतिकृती बांधून ग्राहकांना देण्यास आरंभ झाला, आणि त्यांच्या इंजिनांवर तीन-तीन एस. यू. कार्ब्युरेटर होते. काही मैलांवर आपल्याच शहरात रेड बुलच्या शर्यतीच्या मोटारी तयार होतात, ज्यांत पेट्रोलचा थेंब न् थेंब संगणक मोजतो. आणि इकडे कोणी एक कारागीर रबरी नळी कानाला लावून हवेचा सूं-सूं आवाज ऐकत बसलेला असतो.

आता प्रश्न असा, की एक कार्ब्युरेटर काम करीत असता तीन कशासाठी? कार्ब्युरेटरचे काम म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणे. वजनाने हवेच्या सुमारे १५ भागांस पेट्रोलचा १ भाग. हवा ज्या घशातून जाते तो अरुंद असला तर तिचा वेग वाढतो, ती पेट्रोल चांगले ओढते, सावकाश चालीत इंजिन सुरेख चालते. पण वेग वाढला की ते गुदमरते. घसा रुंद केला तर वेगात मोकळा श्वास मिळतो, पण सावकाश चालीत ओढ राहत नाही. शिवाय अंतराचा प्रश्न आहे. लांब पंगतीला एकच वाढपी असला म्हणजे जवळच्या पानावर गरम भात आणि टोकाच्या पानावर गार खरड, असे होते. एका कार्ब्युरेटरने सहा सिलिंडरांना वाढताना नेमके तेच घडते. मधल्यांना एक मिश्रण, टोकाच्यांना दुसरे. दोन किंवा तीन वाढपी नेमले की प्रत्येकाला थोडीच पाने सांभाळावी लागतात. मात्र सर्व वाढप्यांचे पळे एकाच मापाचे हवेत. एकाने पळा भरून वाढले आणि दुसऱ्याने अर्धा, तर एका वाढप्याचीच पंगत बरी होती असे म्हणण्याची पाळी येते. जोड कार्ब्युरेटरांची जुळणी म्हणजे हे पळे सारखे करणे.

आपल्यापैकी ज्यांनी भारतात ॲम्बेसेडर चालविली आहे त्यांना याचा एक पुरावा ठाऊक आहे, जरी तो त्यांनी पुरावा म्हणून पाहिला नसेल. (आम्ही मुंबईकर फियाटवाले, ॲम्बेसेडर ही कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांची आणि मंत्र्यांची.) ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात अनेक वर्षे जे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते ते येथील 'बी सिरीज' घराण्यातले. याच घराण्याचे, याच मापाचे इंजिन १९५५ साली एम. जी. ए. या स्पोर्ट्स मोटारीत बसविले गेले. ॲम्बेसेडरमध्ये ते एका कार्ब्युरेटरवर ५० च्या आसपास अश्वशक्ती देई, एम. जी. ए. मध्ये दोन एस. यू. वर आरंभी ६८ आणि पुढे ७२. सगळे श्रेय कार्ब्युरेटरांचे नव्हे, दाबाचे प्रमाण वगैरेही वेगळे होते. तरी रविवारी पानशेतला जाणारी कुटुंबाची गाडी आणि शर्यतीच्या हौसेची गाडी यांच्या छातीत एकच हृदय होते, हे खरे. पुढे १,७९८ घन सेंटिमीटरपर्यंत वाढून तेच एम. जी. बी. मध्ये आले, आणि १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक तशा गाड्या निघाल्या. आज आपल्या आसपास गॅरेजात ताडपत्रीखाली झाकलेली जोड कार्ब्युरेटरची मोटार असेल, तर बहुधा ती हीच.

एस. यू. ही अक्षरे 'स्किनर युनियन' यांची. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हे लंडनच्या 'लिली अँड स्किनर' या जोड्यांच्या दुकानदार घराण्यातले. १९०५ च्या सुमारास त्यांनी जो कार्ब्युरेटर केला त्यात कातडी भाता होता. चांभारकामाच्या घरात कातड्याला काय तोटा? पुढे भात्याच्या जागी धातूचे पिस्टन आले, पण कल्पना तीच राहिली, आणि ती मोठी सुंदर आहे. घशात एक पिस्टन वरखाली होते. इंजिनाची ओढ वाढली की ते आपोआप वर उचलले जाते व घसा रुंद होतो. ओढ कमी झाली की खाली येते व घसा अरुंद होतो. पिस्टनच्या तळाला एक निमुळती सुई असते, ती पेट्रोलच्या जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेले की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलला अधिक वाट मिळते. हवा वाढली की पेट्रोल वाढले, हवा घटली की पेट्रोल घटले. वरच्या नळकांड्यात थोडे तेल असते, त्यामुळे पिस्टन एकदम उसळत नाही. पाय दाबताच क्षणभर मिश्रण दाट राहते आणि गाडी ओढ घेते. इतके साधे यंत्र बिघडावे तरी कसे?

ते कसे बिघडविले जाते हे गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकींकडे पाहावयास मिळाले. काकांची १९६९ ची एम. जी. बी. जी. टी. त्यांच्या पश्चात गॅरेजात उभी होती. काकींनी ती ना विकली, ना चालविली. त्यांचा भाचा संगणकाच्या नोकरीत आहे, तो म्हणाला, "मामी, हे दोन्ही एस. यू. काढून टाकू आणि एकच मोठा वेबर बसवू. कटकट मिटेल." काकी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकदा बघा. यांनी मला कधी त्याला हात लावू दिला नाही, पण दर मे महिन्यात दोन रविवार ते तिथे कान लावून बसायचे. ते काढून टाकायचं म्हटलं की मला कसंसंच होतं." मध्यंतरी गाडी एका गॅरेजात जाऊन आली होती. ती सुरू होत होती, पण गाढवाच्या लाथांसारखे हिसके देत होती, आणि धुराला पेट्रोलचा दर्प होता.

पहिल्या रविवारी आम्ही कार्ब्युरेटरांना हात लावला नाही. हीच या विद्येची पहिली पायरी आणि येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. त्याआधी टॅपेटचे अंतर पाहावयाचे (या इंजिनास १५ थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग पंधरा वेळा), डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचे अंतर पाहावयाचे, टायमिंग दिव्याने तपासावयाचे, चारही सिलिंडरांचा दाब मोजावयाचा. यांतले एक जरी चुकलेले असेल तर कार्ब्युरेटर फिरवून ते सुधारल्यासारखे भासते, आणि मग एका चुकीवर दुसरी चढते. काकांच्या गाडीत हे सारे ठीक होते.

मग प्लग काढले. प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य प्रथम तीच पाहतो. बिस्किटासारखा फिका तपकिरी असला तर प्रकृती उत्तम, काजळी धरली असली तर पेट्रोल फार, पांढरा फटफटीत असला तर पेट्रोल कमी. येथे पहिले दोन प्लग काळे कुळकुळीत आणि शेवटचे दोन पांढरे निघाले. या इंजिनात पहिल्या दोन सिलिंडरांचे हवा आत घेण्याचे दार एक आणि शेवटच्या दोहोंचे एक. म्हणूनच दोन कार्ब्युरेटर त्याला हातमोज्यासारखे बसतात. तेव्हा रोग कोठे आहे हे प्लगांनीच सांगितले. भाचा म्हणाला, "म्हणजे पुढच्याचं पेट्रोल कमी करायचं आणि मागच्याचं वाढवायचं, झालं!" अगदी तेच करावयाचे नव्हते. दोन्ही जेटचे नट आधीच्या गॅरेजात सारखेच खाली केलेले होते. पेट्रोल दोघांना सारखे मिळत असताना एक उपाशी आणि एक अजीर्णाने आजारी, याचा अर्थ मागल्या बाजूस कोठून तरी चोरून हवा शिरत होती.

इंजिन सावकाश चालू ठेवून एका बारीक रबरी नळीचे टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक मागल्या कार्ब्युरेटरच्या जोडाभोवती फिरविले. खालच्या कोपऱ्यात शीळ ऐकू आली. गॅस्केट फाटलेले होते. ते न बदलता पेट्रोल वाढवून हिसके झाकण्याचा प्रयत्न झाला होता. पातळ मिश्रण ही केवळ गैरसोय नसते. ते तापट जळते. रस्त्यावर वेगात दीर्घ काळ तसेच चालविले तर पिस्टनला भोक पडू शकते. दाट मिश्रणही निरुपद्रवी नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि धातू धातूवर घासतो. काकींच्या गाडीत अर्ध्या इंजिनाला एक संकट होते आणि अर्ध्याला दुसरे.

गॅस्केटे बदलली, जोडाचा सपाटपणा काचेवर घासून पाहिला. मग दोन्ही कार्ब्युरेटर उघडले. पण एका वेळी एकच. प्रत्येक पिस्टन त्याच्या त्याच्याच नळकांड्याला जुळविलेले असते, त्यांची अदलाबदल झाली तर पिस्टन अडखळते. स्वच्छ केल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडावे. ते 'टक्' असा स्पष्ट आवाज करून खाली बसले पाहिजे. आवाज आला नाही तर सुई जेटला घासते आहे. दोन्ही सुयांवरील खूण एकच आहे ना, हेही पाहावे. जुन्या गाड्यांत दोन निराळ्या सुया सापडणे अजिबात दुर्मीळ नाही. नंतर जेट घशाच्या तळाच्या पातळीस आणून तेथून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्यावा. षट्कोनी नटाच्या बाजू मोजल्या तर बारा होतात. हा अंतिम मुक्काम नव्हे. दोघांनी एकाच ठिकाणाहून चालावयास लागावे, एवढाच त्याचा अर्थ.

पेट्रोलच्या वाटीतील फ्लोटची पातळीही तेव्हाच पाहावी. ही वाटी गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते. महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांना एस. यू. चेच कार्ब्युरेटर होते, आणि वैमानिकाने विमान एकदम खाली झुकविले की इंजिन क्षणभर बंद पडे, कारण पेट्रोल वाटीच्या छताकडे जाई. फार्नबरो येथील बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाच्या भोकाची एक छोटी चकती बसवून हा प्रश्न पुष्कळसा सोडविला. त्या मोटारसायकलच्या शर्यतींतही उतरत. आमच्या वर्गातील मुलींना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते.

दुसऱ्या रविवारी खरी जुळणी. इंजिन पूर्ण तापू द्यावे; थंड इंजिनावर केलेली जुळणी फुकट जाते. एअर क्लीनर काढून ठेवावे. दोन्ही झडपांना जोडणाऱ्या दांड्याचे स्क्रू सैल करावे, म्हणजे प्रत्येक कार्ब्युरेटर आपापला मोकळा होईल. हे न करता जे फिरवाफिरव करतात ते दोन बैलांना एकाच जुवाखाली ठेवून प्रत्येकाची चाल वेगळी तपासू पाहतात. मग दोन्ही झडपांचे स्क्रू सारखेच उघडून इंजिन चालू करावे आणि रबरी नळी आळीपाळीने दोन्ही घशांच्या तोंडाशी, दर वेळी त्याच जागी धरून, आवाज ऐकावा. एकाचा सूर चढा असला तर त्या बाजूने हवा जास्त जाते आहे. चढ्याला थोडे उतरवावे, उतरलेल्याला चढवावे. हवा मोजण्याची यंत्रे मिळतात आणि ती चांगली आहेत. पण तंबोरा लावणाऱ्याला यंत्र लागत नाही, तसे थोड्या सवयीने येथेही लागत नाही. भाच्याने यंत्र विकत आणले होते. त्याचा काटा आणि आमचा कान यांत शेवटी फरक राहिला नाही, याचा मला थोडा आनंद झाला हे लपवीत नाही.

हवा समान झाल्यावर मिश्रण. नट एका वेळी एक बाजू फिरवावा, त्याहून अधिक नाही, आणि क्षणभर थांबावे. खाली म्हणजे पेट्रोल अधिक, वर म्हणजे कमी. मग कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेल्या छोट्या कळीने पिस्टन जेमतेम उचलावे, इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढे. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट आहे. इंजिन मरू लागले तर पातळ आहे. वेग किंचित वाढून लगेच मूळ पदावर आला तर बरोबर. एकाचे मिश्रण बदलले की त्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो, कारण दोहोंना जोडणारी आडवी नळी आहे; म्हणून पुन्हा हवा, पुन्हा मिश्रण, असे तीन-चार फेरे होतात. येथे घाई करणाऱ्याने पहिल्या फेऱ्यालाच समाधान मानलेले असते. काकांचे दोन रविवार कोठे जात, हे काकींना त्या दिवशी उमगले. त्या चहा घेऊन आल्या होत्या, तो तसाच गार झाला.

शेवटी दांड्याचे स्क्रू आवळावे, आणि आवळताना दोन्ही झडपा एकाच क्षणी हलतात याची खात्री करावी. नुसत्या सावकाश चालीवर हे समजत नाही. इंजिन मिनिटास १,५०० फेऱ्यांवर धरून आवाज पुन्हा ऐकावा. चोकची तार ओढल्यावर दोन्ही जेट बरोबरीने खाली उतरले पाहिजेत. वरच्या नळकांड्यात २० नंबरचे तेल घालावे. फार पातळ तेल असले तर पाय दाबताच गाडी उचकी लागल्यासारखी थबकते. हा दोष पकडावयास आपल्या शहरासारखे गाव नाही. चाइल्ड्स वेवर निघाले की दर अर्ध्याएक मैलाला गोल चौक येतो. पाय काढा, वळा, पाय दाबा. त्या पाय दाबण्याच्या क्षणी जुळणीची परीक्षा होते. काकींच्या गाडीने आठ चौक उचकीविना पार केले. परत येऊन प्लग काढले तेव्हा चारांचा रंग एक होता. तो मात्र बिस्किटापेक्षा थोडा फिका होता, म्हणून दोन्ही नट आणखी एक-एक बाजू खाली घेतले.

वेबरचा प्रकार निराळा, आणि त्याविषयी थोडक्यात. एस. यू. आपला घसा आपणच लहानमोठा करतो. वेबरचा घसा कायम मापाचा असतो, आणि सावकाश चालीला एक जेट, मुख्य कामाला दुसरा, हवेचा तिसरा, पाय दाबण्याच्या क्षणी पेट्रोल उडविणारा पंप चौथा, अशी वाटणी असते. बोलोन्याच्या एदोआर्दो वेबर यांनी हा धंदा काढला. तीन आडवे दुनळी वेबर म्हणजे सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र घसे, डी. बी. ५ ची ती वाढलेली शक्ती येथून आली. पण स्क्रूने जुळविता येते ती फक्त सावकाश चाल. बाकी सारे जेट बदलून, पुन्हा चालवून, पुन्हा बदलून ठरवावे लागते, आणि जेटांची पेटी स्वस्त नसते. बसवितानाही एक पथ्य आहे. आडवे वेबर घट्ट आवळू नयेत. जोडात रबरी कडी आणि दुहेरी स्प्रिंगचे वॉशर घालून किंचित हलू द्यावे, नाहीतर इंजिनाच्या कंपनाने वाटीतील पेट्रोलला फेस येतो. आमच्या भाच्याला मी स्पष्टच सांगितले, की शर्यतीत उतरावयाचे असेल तर वेबर घ्यावा. बाजारहाट आणि स्टोनी स्ट्रॅटफर्डचा नववर्षदिनाचा जुन्या मोटारींचा मेळा यांसाठी काकांच्या दोन एस. यू. ना तोड नाही. सॉल्झबरीची एक कंपनी आजही ते नवे बनविते, सुटे भाग मिळतात. एस. यू. राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला ती. २० मे २०१८ पासून या देशात चाळीस वर्षांवरील मूळ रूपातील मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पूर्वी वर्षातून एकदा तरी कोणी परका माणूस बॉनेट उघडून पाहत असे. आता काकींसारख्यांच्या मोटारीकडे पाहणारे डोळे घरचेच. आणि सप्टेंबर २०२१ पासून पंपावर मिळणारे साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. भारतात तर हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. ठाण्या-पुण्याच्या नातलगांकडे जुनी गाडी असेल तर त्यांनाही हे कळवावे. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू आणते, त्यामुळे मिश्रण पातळ होते. आपल्या प्लगांचा रंग फिका का होता, याचे उत्तर बहुधा येथे आहे. ते पाणी धरून ठेवते, कार्ब्युरेटरच्या धातूला गंज आणते. आणि जुन्या रबराच्या नळ्या ते आतून मऊ करते.

काकींच्या गाडीत दोन कार्ब्युरेटरांमधली पेट्रोलची नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. वाकविताच तिला पोटाकडून चिरा दिसल्या, आणि हाताला पेट्रोलचा ओलावा लागला. तिच्याखाली हातभर अंतरावर तापलेला धुराड्याचा पाइप. एका कार्ब्युरेटरच्या मोटारीत असे जोड दोन असतील तर जोड कार्ब्युरेटरच्या मोटारीत चार, आणि तीन वेबर असले तर त्याहूनही अधिक. प्रत्येक जोड ही आगीची एक शक्यता. जुळणीत सारे लक्ष आवाजाकडे आणि रंगाकडे असते, नळीकडे कोणी पाहत नाही. झडपा मिटविणाऱ्या स्प्रिंगांचेही तेच. एक तुटली आणि दुसरी थकलेली असली, की पाय काढल्यावरही मोटार धावत राहते.

म्हणून ज्यांच्याकडे अशी मोटार आहे त्यांनी येत्या रविवारी, इंजिन थंड असताना, एवढे करावे. पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बोटांनी वाकवून पाहावी आणि तिच्यावर छापलेला मजकूर वाचावा. 'जे ३० आर ९' अशी खूण असलेली नळी इथेनॉलला टिकते. खूण नसेल किंवा वाचता येत नसेल तर नळी बदलावी, खर्च काही पौंडांचा आहे. पेट्रोल वरच्या दर्जाचे, बहुतेक ठिकाणी ५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले, घ्यावे. हिवाळाभर उभी राहणार असेल तर वाट्या रिकाम्या कराव्या. कोणाच्या मुलाला किंवा मुलीला या कामाची गोडी असेल तर बायसेस्टरच्या जुन्या हवाई तळावर जुन्या मोटारींच्या दुरुस्तीची उमेदवारी करता येते; ते आपल्यापासून फार दूर नाही. काकींच्या गाडीच्या मागल्या कार्ब्युरेटरचा झडपेचा दांडा थोडा झिजलेला आहे, तेथूनही उद्या हवा शिरेल. त्याला नवे बुश बसविण्याचे काम भाच्याने अंगावर घेतले आहे, आणि मे महिन्यातील दोन रविवार त्याने आतापासूनच राखून ठेवले आहेत.